एमजीबीचा स्टेनलेस सायलेन्सर संच: पाइप घ्या, क्लॅम्प बदला, मॅनिफोल्डचा हट्ट सोडा

इंजिनाचं काम करून ते गाडीत परत बसवायची वेळ आली की सायलेन्सरही नवा टाकावा, असं एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बहुतेक मालकांच्या मनात येतं. विचार बरोबर आहे. इंजिन बाहेर असताना मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग), त्याला धरणारे आटेदार दांडे म्हणजे स्टड आणि खालचा जोड हाताला जितका सहज येतो तितका नंतर कधीच येत नाही. मग स्टेनलेसचा 'पूर्ण संच' मागवला जातो. पेटीत नळ्यांचा मॅनिफोल्ड, पुढचा पाइप, मधला डबा, मागचा सायलेन्सर, यू-बोल्ट क्लॅम्प, रबरी हँगर, पॅकिंग आणि पिशवीभर नट-बोल्ट असतात. असे संच बरेच जण बनवतात आणि त्यांच्यातले दोषही सारखेच असतात. म्हणून हे परीक्षण एका नावाचं नाही, त्या सगळ्या धाटणीचं आहे.

निकाल आधीच सांगतो. पाइप आणि डबे जरूर घ्यावेत. क्लॅम्प, नट आणि हँगर पेटीतले वापरू नयेत. नळ्यांचा मॅनिफोल्ड मात्र गाडी शर्यतीत पळवायची नसेल तर घेऊ नये. या संचाने होणारा बहुतेक मनस्ताप त्या एका भागातूनच सुरू होतो.

कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली आणि तिच्यात १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आहे. सिलिंडर चार असले तरी हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, फक्त पाच तोंडं आहेत. दोन आत घेणारी, तीन बाहेर सोडणारी. १ आणि २ नंबरचे सिलिंडर एका तोंडातून हवा-पेट्रोल घेतात, ३ आणि ४ दुसऱ्यातून. धूर सोडताना १ आणि ४ यांना स्वतंत्र तोंड आहे, २ आणि ३ यांचं मिळून एक. ही पाचही तोंडं हेडच्या एकाच बाजूला असल्यामुळे कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच पॅकिंगवर बसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधल्या काही स्टडवर एकच जाड वायसर दोन्ही मॅनिफोल्डच्या फ्लेंजवर (हेडला टेकणाऱ्या चपट्या कडांवर) मिळून दाब देतो. अर्धा वायसर अॅल्युमिनियमच्या फ्लेंजवर, अर्धा बिडाच्या.

आता मूळचा ओतीव मॅनिफोल्ड काढून नळ्यांचा लावा. नव्या फ्लेंजची जाडी शेजारच्या फ्लेंजइतकीच असली तर प्रश्न नाही. पण ती क्वचितच तितकी असते. एक फ्लेंज जाड निघाला की वायसर तिरका बसतो, जाड बाजू पकडतो आणि पातळ बाजू नुसती टेकलेली राहते. नट कितीही आवळला तरी वायसर वाकतो, पातळ फ्लेंज काही दबत नाही. पातळ बाजू सायलेन्सरची असेल तर थंड इंजिनवर टकटक ऐकू येते आणि इंजिन तापलं की ती कमी होते. लोक तिला टॅपेटचा आवाज समजून टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, फट जुळवत बसतात. पातळ बाजू कार्बोरेटरची असेल तर तिथून फुकटची हवा आत शिरते, आयडलिंग वरखाली होतं आणि त्या तोंडावरच्या दोन्ही सिलिंडरचे प्लग पांढरट पडतात. दुसऱ्या जोडीचे प्लग ठीक दिसतात, म्हणून संशय विनाकारण त्या जोडीच्या कार्बोरेटरवर जातो.

त्यामुळे मॅनिफोल्ड लावायचाच असेल तर आधी मोजमाप करा. दोन्ही मॅनिफोल्ड टेबलावर ठेवून ज्या ज्या स्टडवर ते शेजारी येतात, तिथली फ्लेंजची जाडी व्हर्नियरने घ्या. पाव मिमीपर्यंतचा फरक जाड, न वाकणारा वायसर आणि नवं पॅकिंग सांभाळून घेतात. फरक त्याहून जास्त असेल तर दोन उपाय आहेत. एक, जाड फ्लेंज त्या जागी मशीनवर उतरवणे. दोन, लेथवर किंवा कानशीने वायसरच्या एका अर्ध्या भागात फरकाएवढी पायरी काढणे. पातळ पत्र्याची चकती खाली घालून काम उरकणारे आहेत, पण ती चकती गरम-थंड होताना सरकते आणि गळती परत येते. जाडीनंतर सपाटपणा पाहा. फ्लेंजवर पोलादी पट्टी उभी धरून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं. वेल्डिंग करताना पातळ नळ्या फ्लेंजला ओढतात, त्यामुळे टोकाची तोंडं मधल्यापेक्षा मागे राहिलेली आढळतात. हेही मशीनवर सरळ करता येतं, पण नवा माल विकत घेऊन तो आधी मशीनवर न्यावा लागणं ही मोठी उणीव आहे.

पॅकिंग कोरडंच लावा, त्यावर पेस्ट नको. एकदा दाबलेलं पॅकिंग पुन्हा वापरू नका. मॅनिफोल्डचे नट १५ फूट-पाउंडला आवळायचे, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. हे मूल्य कमी वाटतं आणि म्हणूनच लोक जोर लावतात. जास्तीच्या जोराने हेडमधले आटे जातात, फ्लेंजमधला फरक तसाच राहतो. मधल्या नटांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत जायचं.

मॅनिफोल्डबद्दल आणखी एक. बिडापेक्षा पातळ नळ्या आजूबाजूला जास्त उष्णता फेकतात आणि एसयू बनावटीच्या कार्बोरेटरच्या फ्लोटच्या (पेट्रोलच्या) वाट्या नेमक्या त्यांच्या वर येतात. मूळचा उष्णतारोधक पत्रा पुन्हा लावलाच पाहिजे. संच विकणारे त्याचा उल्लेख करत नाहीत आणि काही नळ्यांचा वळसा असा असतो की तो पत्रा बसतच नाही. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत आणखी भर पडते. स्टिअरिंगचा दांडा मॅनिफोल्डच्याच बाजूने जातो, म्हणून नळी आणि दांडा यांच्यात बोटभर तरी वाव आहे का, हे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. इंजिन झटक्याने वेग घेताना फाउंडेशनच्या, म्हणजे ते ज्यावर टेकलेलं असतं त्या, रबरावर कलतं, त्या हालचालीलाही जागा लागते. मूळचा ओतीव मॅनिफोल्ड रस्त्यावरच्या वापराला उत्तम आहे. १ आणि ४ चा धूर एका नळीत, २ आणि ३ चा दुसऱ्या नळीत, अशी शहाणी मांडणी त्यात कारखान्यातूनच आहे. त्याला तडा नसेल तर तो काढण्याचं कारण उरत नाही.

आता पाइपकडे. पाइप नीट बसत नाही अशी तक्रार या संचांबद्दल सर्वांत जास्त ऐकू येते. पण पुष्कळदा दोष पाइपचा नसून इंजिन बसवण्याचा असतो. मॅनिफोल्डच्या तोंडाशी एका अंशाचा फरक पडला तर तीन मीटर मागे पाइपचं टोक ५२ मिमी सरकतं. म्हणजे मागचा सायलेन्सर बॉडीला टेकायला एवढी चूक पुरेशी आहे. फाउंडेशनची नवी रबरं जुन्या, दबलेल्या रबरांपेक्षा उंच असतात, दोन्ही बाजूंची कडकपणातही सारखी असतीलच असं नाही. म्हणून क्रम पाळायला हवा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच, गिअरबॉक्सचं शेपूट खाली करून उतरवणं सोयीचं. जोडताना गिअरबॉक्सचं वजन क्षणभरही पुढच्या शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो आणि ते गाडी चालवल्यावर क्लच अडखळायला लागला की कळतं. स्पिगॉट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते) नवं असेल तर तेलात भिजवून घाला. क्लचप्लेटची दिशा तपासा, ती मध्यावर धरायला योग्य मापाचा दांडा वापरा. खाली उतरल्यावर पुढच्या फाउंडेशनचे नट फक्त हाताने लावून ठेवायचे. मग गिअरबॉक्सखाली जॅक देऊन त्याला पेलणारी मागची आडवी पट्टी लावायची. एमजीबीतलं हे सर्वांत त्रासाचं काम. पट्टीचे बोल्ट आणि रबरांचे बोल्ट एकाच वेळी भोकांसमोर येत नाहीत. रबरं आधी पट्टीवर सैल बसवा, सगळे बोल्ट दोन-तीन आटे पकडेपर्यंत एकही आवळू नका, जॅक थोडा वर-खाली आणि इंजिन थोडं डावी-उजवीकडे हलवत राहा. सगळे पकडले की आधी मागचे आवळा, मग इंजिन एकदा हलवून स्थिर होऊ द्या आणि शेवटी पुढचे. याच वेळी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी लावा. ती विसरली तर स्टार्टरचा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

संच मागवताना एक खबरदारी. १९६८ च्या मॉडेलपासून गिअरबॉक्स बदलला आणि त्यासोबत बोगदा (गिअरबॉक्सवरचा बॉडीचा उंचवटा) व मागची पट्टीही बदलली. 'सर्व एमजीबींना चालेल' असं लिहिलेल्या पेटीतलं गिअरबॉक्सजवळचं ब्रॅकेट दोन्हींना सारखं बसेल, असं धरून चालू नका. मागणी देताना नुसतं साल सांगू नका, चासी नंबर द्या. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्स बदललेला असणं नेहमीचं आहे, म्हणून खाली वाकून प्रत्यक्ष कुठला आहे तेही पाहा.

मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप यांच्या जोडावर मूळचे नट पितळी असतात आणि त्यामागे कारण आहे. पितळ पोलादी स्टडवर गंजून जाम होत नाही. वर्षांनी काढायची वेळ आली तर नटाचे आटे जातात, स्टड शाबूत राहतो. संचाच्या पिशवीत मात्र चकचकीत स्टेनलेस नट येतात, काहींत स्टडही स्टेनलेसचे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की घर्षणाने आटे एकमेकांत चिकटतात आणि नट अर्ध्यावरच असा अडकतो की पुढेही जात नाही, मागेही येत नाही. मग स्टड तुटतो आणि बिडात राहिलेलं थोटूक काढायला मॅनिफोल्ड परत उतरवावा लागतो. ते नट बाजूला ठेवा, लांब पितळी नट आणा. इतर जोडांवर स्टेनलेस बोल्ट वापरायचेच असतील तर तांब्याचं किंवा निकेलचं जाम-रोधक ग्रीस लावा. ग्रीस लावलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हे ध्यानात ठेवून जोर थोडा कमी करा.

त्या पिशवीत आणखी एक घोळ असतो: मेट्रिक बोल्ट. गाडीचे आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमी जाड असतो, म्हणून ८ मिमीचा बोल्ट भोकाशी सहज धरतो आणि योग्य असल्यासारखा वाटतो. पण ५/१६ यूएनएफला इंचाला २४ आटे, म्हणजे आट्यांतलं अंतर १.०६ मिमी, तर साध्या ८ मिमी बोल्टचं १.२५ मिमी. दोन फेऱ्यांनंतर जड जायला लागलं की थांबा. पाना लावून पुढे रेटलं तर भोकातले आटे गेलेच. पानाही अर्ध्या इंचाचा वापरा, १३ मिमीचा सैल बसून नटाचे कोपरे घासतो.

पुढच्या पाइपचे खालचे नट वरून दिसतात, पण पाना फिरत नाही. खालून लांब एक्स्टेन्शन, त्याला युनिव्हर्सल जॉइंट आणि खोल सॉकेट असं जोडून काम होतं. नट आळीपाळीने आवळायचे, नाहीतर फ्लेंज एका बाजूला कलतो आणि तोच कल मागे ५२ मिमी होऊन दिसतो.

एकात एक जाणारे जोड या संचांत बहुधा चांगले निघतात. पाइप ४० ते ५० मिमी आत गेला पाहिजे. बाहेरच्या पाइपला क्लॅम्पने दबण्यासाठी खाचा असतात. आतला पाइप त्या खाचांच्या मुळापलीकडे गेला नाही तर खाचेतून धूर फुंकत राहतो आणि क्लॅम्प कितीही आवळून थांबत नाही. आत खडूने खूण करून घुसवा, म्हणजे किती गेला ते कळतं. यू-बोल्ट क्लॅम्प पाइपवर दोन ठिकाणी घळ पाडतो. गळती थांबते, पण घळ पडलेला पाइप पुन्हा सुटत नाही, पुढच्या वेळी कापावाच लागतो. त्याऐवजी रुंद पट्टीचे क्लॅम्प घ्या, ते पाइपला चहूबाजूंनी सारखे आवळतात. सायलेन्सरची पेस्ट फक्त याच जोडांवर, पातळ थर, आणि तीही सगळी मांडणी पक्की झाल्यावर. घाईत आधी लावली की ती सुकते आणि जोड फिरवता येत नाही.

जुळवणी करताना मॅनिफोल्डपासून शेपटापर्यंत सगळं आधी सैल टांगायचं. मग पुढून मागे आवळत यायचं: आधी मॅनिफोल्डचा जोड, मग गिअरबॉक्सजवळचं ब्रॅकेट, मग मधला डबा, मागचा सायलेन्सर, शेवटी हँगर. हँगरने पाइप ओढून जागेवर आणायचा नसतो, पाइप स्वतः जागेवर आल्यावर हँगरने फक्त तोलून धरायचा. हँगर वाकडा ताणलेला दिसला तर पुढचा एखादा जोड फिरवायचा राहिलाय असं समजा. पाइपभोवती सगळीकडे २० मिमी वाव हवा. हे दोन वेळा तपासा: एकदा गाडी चाकांवर उभी असताना, एकदा बॉडी स्टँडवर घेऊन मागचा अॅक्सल लोंबकळत असताना. स्प्रिंगच्या पाट्यांवरचा अॅक्सल बराच खाली-वर जातो. एका स्थितीत मोकळा दिसणारा पाइप दुसऱ्या स्थितीत घासतो.

स्टेनलेसची लांबी तापल्यावर जास्त वाढते, ही गोष्ट संचासोबतच्या कागदावर नसते. ३०४ प्रतीचं स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे साधारण १७ मायक्रॉन वाढतं, साधं पोलाद १२. अडीच मीटरचा पाइप सरासरी २०० अंशांनी तापला तर साधा ६ मिमी वाढेल, स्टेनलेस साडेआठ. मागच्या टोकाशी बॉडीपासून ठेवलेली फट ही वाढ धरूनच ठेवायची. पेटीतले रबरी हँगर इथेच कमी पडतात. रबर कडक असतं, गरम-थंड होताना पुढे-मागे झुकत नाही आणि भोकापासून फाटतं. आत कापडाचा थर असलेले हँगर घ्या.

धातूबद्दल मात्र चांगलंच बोलायला हवं. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. अधूनमधून, थोड्या अंतरासाठी निघणाऱ्या जुन्या गाडीत पाइप पुरेसा तापत नाही, ते पाणी डब्यात साठतं आणि साधा पत्रा आतून सडतो. अशा वापराला स्टेनलेसच हवं. प्रत ओळखायला लोहचुंबक लावून पाहा. ३०४ ला तो जवळजवळ चिकटत नाही, ४०९ ला चिकटतो. ४०९ वरून गंजाचा रंग धरतं, तरी साध्या पत्र्यापेक्षा पुष्कळ टिकतं आणि तापून वाढतंही कमी. पण ३०४ म्हणून विकून ४०९ दिलं असेल तर परत करा.

आवाजाच्या बाबतीत आवडनिवड आहे. पातळ पत्र्यामुळे स्टेनलेसला धातूचा किणकिणाट असतो, विशेषतः अॅक्सिलरेटर सोडल्यावर. आत भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती तंतूंचं भरण अशी रचना असेल तर ते भरण हळूहळू उडून जातं आणि आवाज वाढत जातो. लांब प्रवास करणाऱ्यांनी आत पडदे असलेला मागचा सायलेन्सर मागावा, तो वेगळा मिळतो.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून, इग्निशन तोडून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवा. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर सुरू होताच मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवा, आयडलिंगवर सोडू नका. म्हणूनच सायलेन्सरचं काम त्याआधी पक्कं हवं, मध्येच गळतीसाठी इंजिन बंद करणं कॅमला महागात पडतं. इंजिन तापल्यावर धावताना तेलाचा दाब ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ असावा. नव्या पाइपवरचं तेल जळून धूर आणि वास येतो, तो थोड्या वेळात जातो. नंतर पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा पाहा, ते नक्की थोडे फिरतात. हेडचे नट ४५ ते ५० फूट-पाउंडला पुन्हा तपासले तर टॅपेटही पुन्हा ०.०१५ इंचाला लावावे लागतात, कारण रॉकरचे खांब हेडच्याच स्टडवर आहेत. नऊचा नियम वापरा: ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना १ नंबरचा, ७ उघडा असताना २ नंबरचा, असं बेरीज नऊ ठेवत.

गळती शोधायला थंड इंजिन सुरू करून मागचं तोंड जाड ओल्या कापडाने क्षणभर दाबा. जोड सुटा असेल तिथे फुसफुस स्पष्ट येते. साबणाचं पाणी शिंपडलं की फेस नेमकी जागा दाखवतो. अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येत असेल तर पाइपमध्ये बाहेरची हवा शिरतेय, मिश्रण छेडण्याआधी जोड पाहा. गळती नाही याची खात्री झाली की मगच एसयू कार्बोरेटर जुळवायला घ्या. मोकळ्या सायलेन्सरवर मिश्रण किंचित कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, पडू शकतं. कार्बोरेटरचा पिस्टन त्याच्या उचलायच्या पिनने साधारण पाऊण मिमी उचला. वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण ठीक, वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन अडखळलं तर कमी. जेटचा नट एका वेळी एक पैलूच फिरवायचा.

पुढच्या जोडाची गळती नुसत्या आवाजाची बाब नाही. तिथला धूर थेट आगभिंतीखाली (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीखाली) जातो आणि केबल, वायरिंग व गिअरच्या दांड्याभोवतीची रबरं फाटलेली असतील तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. इंजिन बाहेर असतानाच ही रबरं बदलून घ्या. संचासोबत ती येत नाहीत, वेगळी मागवावी लागतात. आणि पूर्ण जुळवणी सैल करून पाहेपर्यंत कुठलाही पाइप कापू नका, क्लॅम्पही पक्का आवळू नका. ओरखडा किंवा घळ पडलेला भाग विक्रेते परत घेत नाहीत.